पन्नास तिकलांचं बदक

युनूस मुलाणींनी थायलंडहून बदक मागवलंय, ही बातमी कामशेतच्या बाजारपेठेत पसरली तेव्हा लोकांनी सगळ्यात आधी विचारलं ते हेच, की ते किलोवर मिळतं की नगावर. काहींनी अंड्यांची चौकशी केली. समोरच्या खतांच्या दुकानदाराने तर आपण होऊन सांगितलं, की बदकाला पाणी लागतं, पवनेच्या बाजूला माझ्या मेव्हण्याचं शेततळं आहे, तिथे ठेवा, फक्त राखणदाराचं तुमचं तुम्ही बघा. युनूसभाईंनी प्रत्येकाला शांतपणे समजावलं. म्हणजे पहिल्या दिवशी शांतपणे. दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या पायरीवर कुणी "बदक" असा शब्द उच्चारला की ते आत जाऊन इंद्रायणी तांदळाची पोती या भिंतीची त्या भिंतीला लावू लागले.

बदक पितळेचं होतं. आणि खरं सांगायचं तर ते बदकही नव्हतं, वजन होतं. ब्रह्मदेशातले व्यापारी जुन्या काळी माल तोलायला पक्ष्याच्या आकाराची ओतीव वजनं वापरायचे. तिकल हे त्यांचं माप. हे पन्नास तिकलांचं, म्हणजे आपल्याकडचे आठशे सोळा ग्रॅम. आता एखाद्याला तिकल माहीत नसेल तर त्यात त्याचा काही दोष नाही. पण इतकं सगळं सांगून झाल्यावरही तो "म्हणजे शोपीसच ना?" असं विचारत असेल, तर समोरच्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

युनूसभाई तांदळाचे व्यापारी, तिसऱ्या पिढीतले. मुलाण्यांच्या मापात पाप नाही, असं अख्खा बाजार म्हणायचा, आणि तीन पिढ्यांत या घराने कमावलेली मोठी इस्टेट म्हणाल तर ती एवढीच. युनूसभाईंना पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. नाद एकच, जुनी वजनं जमवायचा. गल्ल्यामागच्या फळीवर शेर होता, अच्छेर होता, नवटाक होतं, छटाक होता, कुण्या सोनाराच्या घरातून आलेल्या गुंजांची डबी होती, आणि दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर ते या मंडळींना चिंच लावून आंघोळ घालायचे. त्यांच्या बायकोने, हसिनाने, या संग्रहाला "भंगार" असं नाव ठेवलं होतं, आणि ते ती तोंडावरच म्हणायची. बाजारही हळूच हसायचा. म्हणून तर बदक हवं होतं. ते फळीच्या मधोमध बसावं, येणाऱ्याची नजर पडावी, आणि त्याने म्हणावं, वा युनूसभाई, काय वजन आहे! वजन म्हणावं, बस्स. एवढ्याशा इच्छेपायी माणसाचे काय हाल व्हावेत, ते ऐका आता.

ऑर्डर अल्फियाने दिली. अल्फिया ही त्यांची मुलगी, तळेगावच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे घरातली सगळी इंटरनेटची कामं तिच्या गळ्यात. विकणारी बाई थायलंडमधली. तिला इंग्रजी येत नव्हतं, युनूसभाईंना थाई येत नव्हतं, आणि मधलं भाषांतर मोबाइल करत होता. युनूसभाईंनी विचारलं, "बाई, वजन अस्सल आहे ना?" त्यावर तिचं उत्तर आलं, "प्रिय मित्रा, पक्षी आनंदी आहे." यावर विश्वास ठेवून माणसाने पैसे पाठवले, ही चूक होती का? होती. पण फोटोतलं बदक इतकं रुबाबदार होतं, की भल्याभल्यांचा पाय घसरला असता.

पत्ता लिहिताना पहिली ठेच लागली. यादीत गाव निवडायचं होतं आणि यादीत कामशेत नव्हतं. लोणावळा होतं. "अब्बा, लोणावळाच टाकते, जवळच आहे," अल्फिया म्हणाली. मग घराचा पत्ता. युनूसभाईंनी तो सांगितला तो आपण सगळे सांगतो तसा, म्हणजे समोर उभ्या माणसाला हात करून सांगावा तसा. जुन्या एसटी स्टँडच्या पुढे, पिंपळाच्या अलीकडे, भिकाजी सायकलवाल्याला विचारलं तरी चालेल, तो आणून सोडतो. चौकट एवढुशी. तिने त्यातलं जे पटलं ते घेतलं आणि बाकीचं कापून टाकलं. शिल्लक राहिलं ते असं: मुलाणी राईस, भिकाजीला विचारा, लोणावळा.

इतक्यात श्रीपती ओव्हाळ आले. हे शेजारी. टपाल खात्यात हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आणि खात्याने सोडलं तरी त्यांनी खातं सोडलेलं नव्हतं. कुणाच्या घरी पार्सल येणार म्हटलं की ते चष्मा पुसून हजर.

"युनूसभाई, एक काम करा," ते खुर्ची ओढत म्हणाले. "त्या बाईला सांगा, पार्सलवर 'भेटवस्तू' असं लिही. कस्टमवाले भेट म्हटल्यावर हात लावत नाहीत. एवढी वर्षं टपाल हाताळलंय मी."

थायलंडच्या बाईने आनंदाने "भेटवस्तू" लिहिलं. वर एक हृदयाचं चित्रही काढलं, हे नंतर कळलं.

पार्सल मुंबईत आलं आणि बसलं. कुरिअर कंपनीचा मेल आला, की परदेशातून भेटवस्तू मागवायला आता बंदी आहे, त्यातून सूट फक्त दोनच गोष्टींना. जीव वाचवणारी औषधं आणि राखी.

मेल अल्फियाने दुकानात वाचून दाखवला. श्रीपतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आमच्या वेळी नव्हतं हे," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "राखी म्हणायला काय हरकत आहे?"

"आठशे ग्रॅमची राखी?" अल्फिया म्हणाली.

"आणि थायलंडात कोण बहीण ह्यांची?" हसिना आतून म्हणाली. तिचा आवाज असा होता, की युनूसभाईंनी त्या हृदयाच्या चित्राचा विषय पुढे आयुष्यात कधी काढला नाही.

शेवटी अल्फियाने कळवलं, की भेट नाही, विकत घेतलंय, ही पावती. त्यावर पुढचा मेल. पार्सलवर "पितळी बदक" असं लिहिलेलं असल्यामुळे ही वस्तू खेळण्यात मोडते, आणि खेळण्यावर आयएसआयचा शिक्का लागतो. शिक्का दाखवा.

खेळणं! युनूसभाईंना ते जेवताना समजलं. त्यांनी घास ताटात परत ठेवला. तीन पिढ्या तराजू धरलेला माणूस, आणि सरकार म्हणतं हा खेळणी मागवतो! हसिनाने समजूत घातली, की जाऊ द्या, म्हणू देत, मुंबईत कोण ओळखतं आपल्याला. पण अपमान काय ओळखीच्या माणसानेच करावा लागतो? त्याच दुपारी युनूसभाईंनी श्रीपतरावांना बसवून चार पानी मराठी पत्र लिहिलं, अल्फियाने ते इंग्रजीत केलं. त्यात ब्रह्मदेशचा व्यापार होता, तिकल होता, मुलाणी घराण्याचा इतिहास होता, आणि शेवटी जाड अक्षरात होतं, की सदर वस्तू खेळणं नसून वजन आहे, अस्सल आहे, आणि शंभर वर्षांहून जुनं आहे.

या एका वाक्याने दोन नवी दारं उघडली, आणि दोन्ही त्यांच्याच तोंडावर आपटली. वजन आहे ना, मग वजनं आयात करायची तुमची नोंदणी दाखवा. आणि शंभर वर्षांहून जुनं आहे ना, मग ही पुरातन वस्तू तर नव्हे, ते सिद्ध करा. शिवाय फोनवरच्या एका साहेबाने अगदी नम्रपणे विचारलं, की हा पक्षी ब्रह्मदेशात पवित्र मानतात असं आमच्या वाचनात आलं, तर ही मूर्ती वगैरे पूजेसाठी मागवलीत का? युनूसभाईंनी आपलं पूर्ण नाव सावकाश सांगितलं, आजोबांच्या नावासकट. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "बरं, हा प्रश्न राहू द्या," साहेब म्हणाले.

"प्रतिज्ञापत्र करायचं," श्रीपतरावांनी निकाल दिला. "वडगावला चला. कोर्टाच्या आवारात दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचं काम म्हणून सकाळी लोकलने वडगावला उतरलेली ही दोन माणसं संध्याकाळी चार वाजता रसवंतीच्या बाकावर बसलेली दिसली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मजकूर टाइप करणाऱ्याचा समज असा झाला होता, की हा वाटणीचा मामला आहे. त्याने आधी विचारलं, बदक कुणाच्या नावावर आहे? मग विचारलं, दुसऱ्या कुणाचा हक्क, हिस्सा, दावा आहे का? युनूसभाईंनी नाही म्हटल्यावर त्याने तसं टाइप केलं: सदर बदक माझ्या एकट्याच्या मालकीचे व वहिवाटीचे असून त्यावर कोणताही बोजा नाही. वकीलसाहेब वाचून म्हणाले, "छान आहे. चतुःसीमा राहिल्या." त्यातून पुन्हा सगळं खोडून नव्याने करेपर्यंत साहेब जेवायला गेले, जेवून आले तेव्हा शिक्का सापडेना, शिक्का सापडला तेव्हा वीज गेली. येताना लोकलमध्ये श्रीपतराव म्हणाले, "काम झालं की नाही पण?" आणि काम झालं नव्हतं, कारण प्रतिज्ञापत्र मराठीत होतं आणि मुंबईने इंग्रजी मागितलं.

असे दिवस गेले. महिना गेला, दुसराही सरत आला. बाजारात लोक रोज विचारायचे, "काय युनूसभाई, बदक पोचलं का? की पोहत येतंय?" गिऱ्हाईक तांदूळ घ्यायचं सोडून बदकाची हकिकत ऐकायला थांबू लागलं. आणि एका संध्याकाळी अल्फिया ऑफिसातून आली ती हसतच. "अब्बा, सुटलं पार्सल!"

"वजन म्हणून सुटलं?" युनूसभाई ताडकन उठले.

अल्फिया जरा घुटमळली. "ड्युटी भरली मी. फॉर्मवर लिहिलं, शोभेची वस्तू. एका झटक्यात सुटलं बघा. उगाच दोन महिने घालवले आपण."

शोभेची वस्तू! ज्या दोन शब्दांसाठी त्यांनी अख्ख्या बाजाराशी वाकडं घेतलं, ते पोटच्या पोरीने सही करून सरकारला लिहून दिले होते. युनूसभाई तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मीठ हवं असलं तरी हसिनाकडे मागायचे, आणि मीठ अल्फियाच्या ताटाजवळ असायचं.

पण अजून लोणावळा बाकी होतं. मोबाइलवर संदेश आला, की पार्सल पोचतं झालं. कुणाला? तर भिकाजीला. कामशेतचा भिकाजी सायकलच्या वाकड्या चाकाचा आऊट काढत बसला होता, त्याला काही पत्ता नव्हता. कुरिअरवाल्याने आपलं काम चोख केलं होतं. पत्त्यावर लोणावळा, पत्त्यावर भिकाजीला विचारा. त्याने लोणावळ्याच्या बाजारात भिकाजीला विचारलं, आणि तिथे एक भिकाजी होताच, चिक्कीवाला. त्याने सही करून पार्सल ठेवून घेतलं. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावर कुणी खोकं आणून दिलं तर ते का आलं असं कुणी विचारत नाही.

युनूसभाई गेले तो नेमका रविवार. रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या, आणि स्टेशनपासून बाजारापर्यंत चालायला माणसाला आडवं व्हावं लागत होतं. दुकानात तर पाय ठेवायला जागा नाही. भिकाजीशेट गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून ओरडले, "शेंगदाणा की काजू?"

"पार्सल. बदक," युनूसभाई ओरडले.

"बदकाची नाही ठेवत आपण! मिक्स घ्या!"

शेवटी ते खोकं दिसलं. चिक्कीच्या डब्यांची मोठी थप्पी दाराशी रचली होती, ती कलू नये म्हणून तळाला टेकू लावला होता, आणि तो टेकू म्हणजे ब्रह्मदेश. ते काढायचं तर थप्पी उतरवायला हवी, थप्पी उतरवायची तर गर्दी ओसरायला हवी. मुलाणी राईसचे मालक दोन तास एका परक्या दुकानात उभे राहिले, आणि त्या दोन तासांत चार बायकांनी त्यांना नोकर समजून "भैय्या, ये कितने का?" असं विचारलं. पहिल्या तिघींना त्यांनी माहीत नाही म्हणून सांगितलं. चौथीला भाव सांगितला. काय करणार?

पण घरी आणून खोकं उघडलं, आणि युनूसभाई सगळं विसरले. काय देखणं होतं ते! मान ताठ, चोच मिटलेली, छाती पुढे काढून बसलेलं, वापरून वापरून पाठीवर मऊ झालेलं पितळ. हातात घेतल्याबरोबर ते तळव्यात बसलं. हसिनासुद्धा म्हणाली, "बरं आहे की." या संग्रहाबद्दल ती दहा वर्षांत एवढं चांगलं बोललेली नव्हती. युनूसभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. अल्फियाशी अबोला तिथेच सुटला.

आता एक रीत सांगायला हवी. मुलाण्यांच्या दुकानात नवं वजन आलं, की त्याने पहिलं तोलायचं ते द्यायचं, विकायचं नाही. युनूसभाईंच्या आजोबांनी घालून दिलेला हा नेम. आणि ते देऊन होईपर्यंत त्या वजनाची परीक्षा करायची नाही, दुसऱ्या वजनाशी ताडून बघायचं नाही. आधी द्यायचं, मग पारखायचं. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हाही पहिला तांदूळ असाच गेला होता. बदक फळीवर बसायचं होतं खरं, पण वजन म्हणून आलंय तर वजनाचा मान नको?

सोमवारी सकाळी युनूसभाईंनी शोभेला टांगलेला आजोबांचा तराजू उतरवला, दोऱ्या झटकल्या, गल्ल्यावर टांगला. बघायला श्रीपतराव होते, सायकलचा भिकाजी होता, पायरीवर धोंडाबाई होती. धोंडाबाई पवनेकडच्या गावातली, रोज टोपली घेऊन येते आणि मुलाण्यांच्या पायरीवर पालेभाजी विकते. वय कुणालाच माहीत नाही, तिलाही नाही.

"मावशी, पदर पसरा," युनूसभाई म्हणाले. एका पारड्यात त्यांनी बदक ठेवलं, दुसऱ्यात नवा इंद्रायणी ओतला. दांडी थरथरली आणि सरळ झाली. काय आनंद तो! शंभर वर्षांनी त्या वजनाने पुन्हा धान्य तोललं होतं, आणि ते कामशेतात. त्यांनी पारडं धोंडाबाईच्या पदरात रिकामं केलं.

"कितीचं झालं रं?" धोंडाबाई म्हणाली.

"काही नाही मावशी. हे असंच. नव्या वजनाचं पहिलं."

"आसंच?" ती ताठ झाली. "आरं, मी काय मागाया बसलीय का तुज्या दारात? फुकाटचं न्हाई घेत मी कुनाचं." तिने कनवटीचं दहाचं नाणं काढून गल्ल्यावर आपटलं.

युनूसभाईंनी नाणं परत केलं. तिने परत आपटलं. "मावशी, रीत आहे आमची, पैसे घेता येत नाहीत," ते काकुळतीला आले. "तुजी रीत तुज्यापाशी ठेव, माजी बी रीत हाय," ती म्हणाली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी नाणं गल्ल्यावर राहिलं, कारण दारात कुणीतरी घसा खाकरला.

दारात राजेश्वरी मॅडम होत्या. वजनमापांच्या निरीक्षक, वडगावहून आलेल्या, बरोबर एक शिपाई आणि तपासणीची पेटी. वर्षाची काट्याची तपासणी होती, ती नेमकी आजच. त्यांनी तराजू बघितला, बदक बघितलं, पदरातला तांदूळ बघितला आणि गल्ल्यावरचं नाणं बघितलं.

"मुलाणी, या वजनावर शिक्का कुठे आहे?"

युनूसभाईंनी रीत सांगितली, आजोबा सांगितले, ब्रह्मदेश सांगितला, पन्नास तिकल म्हणजे आठशे सोळा ग्रॅम हेही सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बाई मनाने वाईट नव्हत्या. मुलाण्यांच्या दुकानात कधी काही सापडलेलं नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

"हे बघा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "बिनशिक्क्याच्या वजनाने माल तोलून पैसे घेतले, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण तुमच्या आयातीच्या कागदावर काय आहे?"

"शोभेची वस्तू," अल्फिया पटकन म्हणाली. तिने ऑफिसला दांडी मारली होती.

"मग झालं तर. मला दोन ओळी लिहून द्या, की हे वजन नाही, शोभेची वस्तू आहे, गंमत म्हणून पारड्यात ठेवली होती. मी काटा तपासते आणि जाते. बदक तुमचं तुमच्याकडे."

दुकानातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अल्फियाने कागद पुढे केला, श्रीपतरावांनी स्वतःचं पेन दिलं. युनूसभाईंनी "मी, युनूस" इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. पुढ्यात बदक बसलेलं होतं, छाती काढून.

"लिहा ना अहो," हसिना आतल्या दारातून म्हणाली.

"लिहा युनूसभाई, दोन ओळी तर आहेत," श्रीपतराव म्हणाले.

कसं लिहिणार? मुंबईला त्यांनी चार पानं लिहिली होती. कोर्टात गेले होते. दोन महिने बाजाराने टर उडवली ती सोसली, चिक्कीच्या दुकानात नोकर झाले, ते कशासाठी? या हाताने, दुकानात बसून, आजोबांच्या तराजूसमोर लिहून द्यायचं, की हे वजन नाही? त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"मॅडम, वजन आहे ते," ते म्हणाले. "अस्सल वजन आहे. मुलाण्यांच्या हाताने त्याला शोभेची वस्तू नाही लिहवणार. न्यायचं तर न्या."

हसिनाने कपाळावर हात मारला. मॅडमनी दोनदा विचारलं, तेच उत्तर आलं. मग त्यांचाही इलाज चालला नाही. जप्तीचा पंचनामा लिहायला घेतला. श्रीपतराव आणि भिकाजी पंच झाले, धोंडाबाईचा गिऱ्हाईक म्हणून जबाब झाला आणि तिचा अंगठाही घेतला. मॅडमनी मजकूर वाचून दाखवला: पितळी वजन, बदकाच्या आकाराचे, नग एक.

"पुन्हा एकदा वाचा," युनूसभाई म्हणाले.

मॅडमनी पुन्हा वाचलं. पितळी वजन. सरकारी कागदावर, सरकारी माणसाच्या अक्षरात, पंचांच्या सह्यांनिशी. युनूसभाईंची मान त्या बदकापेक्षा ताठ झाली. बदक चाललं होतं, काळीज तुटत होतं, पण ते वजन म्हणून चाललं होतं. पायरीवर जमलेल्या बाजारातला एकही माणूस हसत नव्हता. खतांचा दुकानदार तर हळूच म्हणाला, "मानलं बुवा!"

"आता फक्त भार लिहायचा राहिला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेटीतून आपला काटा काढला आणि बदक त्यावर ठेवलं. काट्याकडे बघितलं. उचलून परत ठेवलं. "किती म्हणालात तुम्ही?"

"आठशे सोळा," युनूसभाई म्हणाले. "ग्रॅमचा फरक नसणार."

मॅडमनी बदक उलटं केलं. बुडाला एक गोल काळसर डाग होता. त्यांनी त्यावर शिपायाकडच्या टोच्याचं टोक लावलं, आणि खपली निघावी तशी लाखेची चकती निघून गल्ल्यावर पडली. मागे खोल भोक होतं. कुणीतरी तिकडे, ब्रह्मदेशात, शंभर वर्षांपूर्वी, आतलं पितळ सफाईने कोरून काढलं होतं आणि वर लाख भरून ठेवली होती.

"सातशे चाळीस," मॅडम म्हणाल्या. "मुलाणी, हे खोटं वजन आहे." आणि त्यांनी तसं लिहिलं.

युनूसभाईंनी गल्ला धरला. तीन पिढ्या, आजोबांचं नाव, अख्ख्या बाजाराची साक्ष, आणि मुलाण्यांच्या दुकानात खोटं वजन सापडलं. तेही त्यांनीच पैसे भरून, ड्युटी भरून, प्रतिज्ञापत्र करून आणलेलं.

"मॅडम, थांबा," ते कागदाकडे झेपावले. "देतो लिहून. शोभेची वस्तू आहे. बदक आहे हो ते! खेळणं आहे!"

"आता कसं?" मॅडमना खरंच वाईट वाटलं. "सह्या झाल्या पंचांच्या."

श्रीपतरावांनी मान खाली घातली. शिपायाने बदक पिशवीत घातलं, तोंड बांधलं, वर लाख ओतून सील केलं. जीप वडगावच्या रस्त्याला लागली. पायरीवरचा बाजार एकेक करून, काही न बोलता पांगला, आणि ते न बोलणंच युनूसभाईंना जास्त लागलं.

धोंडाबाई तेवढी जागची हलली नव्हती. ती पदरातल्या तांदळाकडे बघत होती.

"म्हंजी युनूस, मला कमी आलं व्हय रं?"

युनूसभाई उठले, पोत्यात दोन्ही हात घातले, काठोकाठ ओंजळ भरली, वर आणखी चढवली, आणि तिच्या पदरावर धरली. धोंडाबाईने पदर मागे घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "तोलून दे."